माझा पासवर्ड आणि जगदीश

जगदीश गेल्याचं मला नवीन पनवेलच्या भाजी मार्केटात कळलं. हातात मेथीची जुडी होती आणि फोन दर्शनाचा, त्याच्या बायकोचा होता. "ताई, हे गेले," एवढंच बोलली ती. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. करंजा गावात त्याच्या घरी पोचेपर्यंत मी गाडीत रडत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते रडणं खरं होतं आणि आता त्याचाच मला राग येतो.

आमचं ऑफिस बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची कागदपत्रं बघतं. जगदीश तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा, मी डॉक्युमेंटेशनची प्रमुख होते. त्याच्या घरात सगळे दर्यावर जाणारे, हा एकटाच कीबोर्डवर बसला. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायचा, आणि नुसतं म्हणायचा नाही. माझ्या मुलीच्या बारशाला त्याच्या आईने सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पिशवी धाडली होती. अशी माणसं आपली होतात... निदान मी तरी तसं धरून चालले होते.

मुख्य ऑफिसने इंटरनेटच्या वाटेवर एक प्रॉक्सी बसवली होती. प्रॉक्सी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. नाव आणि पासवर्ड सांगितल्याशिवाय काही बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि कोणाच्या नावाने काय गेलं ते लक्षात ठेवायची. कागद पाठवायचं आमचं सॉफ्टवेअर मात्र नाव-पासवर्ड विचारायचंच नाही. ते आधीच त्याच्या सेटिंगमध्ये भरून ठेवावं लागे, नाहीतर ते गेटवरच अडकून बसे. शिवाय बाहेर पाठवायची परवानगी ज्याची त्याने मुख्य ऑफिसकडून घ्यायची, आणि तिला महिने लागत. कोणाचं अडलं की जगदीश खाली वाकून म्हणायचा, "करतो काहीतरी." आणि सॉफ्टवेअर चालू व्हायचं. कसं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

माझा पासवर्ड बदलायची सूचना आली की तो आपणहून माझ्या टेबलाशी हजर. "ऊठ ताई, तुला नाय जमायचं हे. चहा घेऊन ये, तवर मी बदलतो." मी घरी कौतुकाने सांगायचे की इतकी काळजी सख्खा भाऊ घेत नाही.

मग एका मोठ्या ग्राहकाचे दर आमच्याच ऑफिसातून दुसऱ्या कंपनीकडे गेले. प्रॉक्सीकडे नाव निघालं माझं. चौकशीला साहेबांनी जगदीशलाही बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं, "हिच्या नावाने दुसरं कोणी पाठवू शकतं का?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तसं नाय होऊ शकत, साहेब," तो म्हणाला. "पण आमची ताई असं करणारी नाय."

सिद्ध काहीच झालं नाही, म्हणून माझी परवानगी तशीच राहिली, पण माझं टेबल काढून घेतलं आणि मला आवक-जावकला बसवलं. ज्या मुलींना मी काम शिकवलं त्या मला बघून बोलणं थांबवायच्या. त्या दिवसांत मी जगदीशचं दुसरं वाक्य उराशी धरून ऑफिसला जात होते. एकटा तोच माझ्या बाजूने बोलला, असं वाटायचं. दर्शनाला तर मी हात धरून सांगितलं होतं, "तुझ्या नवऱ्याचे उपकार विसरणार नाही."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पासवर्डची सूचना आली. या वेळी मीच बसले आणि मीच बदलला. अवघड काही नव्हतंच त्यात. चहा यायच्या आत शेजारच्या टेबलावरची विद्या ओरडली, "अगं, माझं बंद पडलं." मग मागच्या टेबलावरून, मग साहेबांच्या केबिनमधून, सगळ्यांचंच. मी विद्याच्या मशीनवर सेटिंग उघडलं. नावाच्या चौकटीत माझं नाव. पुढच्या मशीनवर माझं नाव. केबिनमध्येही माझं नाव, आणि सगळीकडे अजून माझा जुनाच पासवर्ड. अख्खं ऑफिस इतकी वर्षं माझ्या नावाने गेटबाहेर जात होतं, आणि प्रत्येक नवा पासवर्ड मी त्याच्या हातात देऊन चहा आणायला जात होते.

मी मनाची समजूत घालत होते. लोकांची कामं अडत होती, परवानगी मला मिळालेली होती, बिचाऱ्याला दुसरा मार्ग नसेल. चौकशीत घाबरला असेल, नोकरी गेली असती. माणूस घाबरतो...

तेवढ्यात विद्या म्हणाली, "जगदीशभाऊंचं मशीन चालतंय." त्याचा अकाउंट अजून कोणी बंद केला नव्हता. सगळे आपापले कागद घेऊन त्याच्या टेबलाभोवती जमले. खुर्चीच्या पाठीवर त्याचा निळा टॉवेल तसाच होता. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि तिथलंही सेटिंग उघडलं.

परवानगी त्यालाही होती. तिथे त्याने माझं नाव टाकलं नव्हतं. तिथे त्याचं स्वतःचं होतं.