पुड्याची मागची बाजू

माझ्या मुलीची मान मागच्या बाजूने काळी पडायला लागली तेव्हा ती चौथीत होती. सासूबाई तिला मोरीत बसवून डाळीच्या पिठाने मान घासायच्या. "उन्हात खेळते, घाम साचतो, दुसरं काय," असं म्हणायच्या. मान लाल व्हायची, पोर रडायची, पण काळेपणा हटत नव्हता. मग शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, हिला एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलांच्या डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी मान बघितली, पोट दाबून बघितलं.

"हा मळ नाही हो. घासू नका तिला."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. यकृतावर चरबी निघाली. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या यकृतावर. डॉक्टर म्हणाल्या, "मधुमेह झालेला नाही, पण वाट तीच आहे; मान काळी पडते ती त्यामुळेच. अजून परत फिरता येईल. घरी खायला काय काय असतं?"

मी आठवून सांगायला लागले, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "आमचं दुकान आहे."

नाशिक रोडला एका कॉलनीत तळमजल्यावर आमचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागे घर, मध्ये एक दार. सासरे तरुणपणी गावाकडून आले आणि त्यांनी हे दुकान उभं केलं. नवरा अंबडला कारखान्यात आहे, त्यामुळे दुपारी गल्ल्यावर मी बसते. मुलगी शाळेतून यायची ती दुकानातूनच आत यायची. आजोबा हात वर करून लटकणाऱ्या लडीतून एक पुडा तोडून तिच्या हातात द्यायचे. ती दोघांची रोजची भेट होती. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी रिपोर्ट सांगितले तेव्हा सासऱ्यांनी गल्ला मोजायचा थांबवला. मग म्हणाले, "आपल्या दुकानात सडका माल नाही. तांदळात खडा निघाला असं कुणी येऊन सांगितलं नाही कधी. मग हे आलं कुठून?"

मी आत जाऊन तिचा दुधात घालायच्या पावडरीचा डबा आणला. हा डबा ते स्वतः तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. मुलांची उंची वाढते, असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि उड्या मारणाऱ्या मुलाचं चित्र होतं. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट शिकवली होती: चित्राची बाजू सोडा, मागची बाजू वाचा. जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, डबा दिव्याखाली धरला, परत माझ्याकडे दिला. "लय बारीक लिहिलंय. तूच वाच."

मी वाचलं. यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर होती. पुढे साखरेचीच आणखी दोन नावं होती, ती साखर आहे हे मलाही तोवर माहीत नव्हतं. मग मी बिस्किटांचा पुडा घेतला. वर गव्हाच्या ओंब्या, शेताचा हिरवा रंग. मागे आधी मैदा, मग साखर, मग पामतेल. गव्हाचा कोंडा कुठेतरी शेवटी, चिमूटभर. मी एकामागून एक पुडे काढत होते आणि वाचत होते. थांबायला हवं होतं हे मला नंतर कळलं, कारण सासऱ्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"बस कर, सूनबाई," ते म्हणाले आणि उठून शटर ओढायला गेले.

घरात बदल करणं सोपं नव्हतं, पण ते जमलं. डबा बंद झाला, दूध साधं झालं. पेठ तालुक्यातल्या बाया रस्त्याच्या कडेला नाचणी घेऊन बसतात, त्यांच्याकडून नाचणी आणायला लागले. फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी. सासूबाईंनी कुरकुर न करता संध्याकाळी धिरडी घालायला सुरुवात केली. फळांच्या रसाचे डबे मी आणायचे, ते बंद केले. हॉटेलात गेलो तरी नवरा आधी मला विचारायचा, हे चालेल का? जणू घरात सगळ्यांच्या तोंडावर मी पहारा देत बसले होते.

अवघड होतं ते दाराच्या पलीकडे. आत जे मी मुलीच्या हातातून काढून घेत होते, तेच बाहेर दुसऱ्यांच्या मुलांना देत होते. दुपारी शाळा सुटली की पोरं यायची, लड ओढायची, आणि माझा हात आपोआप वर जायचा.

एकदा शेजारच्या इमारतीतली एक बाई आली. तिचा मुलगा दोन-अडीच वर्षांचा, कडेवर. तिने तोच पावडरीचा डबा मागितला.

मी म्हटलं, "ताई, राग मानू नका, पण यात साखर खूप आहे. त्यापेक्षा नाचणीचं सत्त्व द्या ना. मी सांगते कसं करायचं."

तिने आधी हसून बघितलं. मग हसू गेलं. "अहो, त्याचं वजन वाढत नाही म्हणून घेते. सकाळी आठला घर सोडते मी, नाचणी भिजवत, वाटत कधी बसू? तुम्हाला द्यायचा नसेल तर तसं सांगा."

आणि ती समोरच्या दुकानात गेली. सासरे आतून ऐकत होते.

"गिऱ्हाइकाला शिकवायचं नसतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण एवढ्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. "तिच्या घरात काय चाललंय तुला माहीत आहे का?"

"नाही माहीत, बाबा. पण माझ्या घरात काय चाललंय ते माहीत आहे."

"मग मी काय करू? दुकान बंद करू?"

याच दुकानावर नवऱ्याचं शिक्षण झालं, नणंदेचं लग्न झालं. त्यानंतर काही दिवस सासरे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मीही गल्ल्यावर तोंड मिटून बसायला शिकले. कुणी विचारलं तर सांगायचं, नाहीतर वजन करून द्यायचं.

या सगळ्यात मुलीकडे बघायचं राहून गेलं. म्हणजे तिच्या ताटाकडे बघत होते मी, तिच्याकडे नाही. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, वरच्या मजल्यावर. मी तिला आणायला गेले तेव्हा सगळ्या मुली नाचत होत्या आणि माझी मुलगी खुर्चीवर पाठ ताठ करून बसलेली. मांडीवर केक, वेफर्स, समोसा असलेली प्लेट, सगळं तसंच. मैत्रिणीची आई म्हणाली, "काहीच खाल्लं नाही हो तिने. मी किती म्हटलं."

जिना उतरताना मी विचारलं, "भूक नव्हती का?"

"होती."

"मग एक घास केक खायचा ना. वाढदिवस होता."

ती थांबली. "खाल्ला असता तर माझं लिव्हर खराब झालं असतं ना?"

मी तिथेच पायरीवर बसले. तिला जवळ ओढलं. एका घासाने काही होत नाही, असं सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्यात केळं दिलं तर तिने विचारलं, "यात साखर असते ना?" सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "केळ्यालाही घाबरते ग ही."

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, या वेळी एकटी. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचायचं तुम्ही, निवडून आणायचं तुम्ही. तिच्यासमोर ते बोलायचं नाही. घरात जे आहे ते तिला पोटभर आणि बिनधास्त खाऊ दे. भीतीनेही पोर आजारी पडतं." ऐकायला सोपं होतं. पण सहा महिने ज्या घरात प्रत्येक घासावर चर्चा झाली, तिथे एकदम गप्प कसं व्हायचं? पुडा मी आता दुकानात उभी राहूनच वाचते, घरात आणत नाही. जेवताना आम्ही शाळेचं बोलतो, शेजारच्यांचं बोलतो. मध्येच शांतता पडते आणि सगळ्यांनाच कळतं की ती कशाची आहे.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट सुधारलेले आले. चरबी कमी झाली होती, मानेचा रंगही थोडा उजळला होता. नवऱ्याने पेढे आणतो म्हटलं आणि आम्ही दोघंही ओशाळून हसलो. मुलगी मात्र हसली नाही. तिने फक्त विचारलं, "आता परत कधी तपासायचं?"

त्याच सुमारास दुकानात वेफर्सच्या कंपनीचा एक माणूस पुडे मांडायचा नवीन स्टँड घेऊन आला. रंगीत, पोरांच्या उंचीचा, दाराशी ठेवायचा. वर सूटही देत होता. सासरे स्टँडला हात लावून उभे राहिले. मी गल्ल्यावर सुटे पैसे मोजत राहिले.

"दाराशी नको," ते म्हणाले. "जागा नाही."

"काका, समोरच्यांनी दोन घेतले. पोरं तिकडं जातील."

"जाऊ दे."

तो गेला. खरंच, पोरं आता समोर जास्त जातात. आम्ही पुडे विकणं सोडलेलं नाही, ते सोडणं आम्हाला परवडणारही नाही. शाळा सुटली की रस्त्यापलीकडे गर्दी होते, आणि सासरे पेपर समोर धरून तिकडे बघत बसतात. त्यांना दुकानाची काळजी वाटते की त्या पोरांची, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते मलाही तेच विचारतील.