पाठीवरचा शब्द

सुतार तत्त्वज्ञान विभागाच्या खोलीत शिरला, भिंती मोजल्या, आकडे टिपून कागद खिशात घातला आणि चहालाही न थांबता निघून गेला. कपाटमामा दारातून हे सगळं बघत होते. न सांगता मोजमाप झालं की त्या खोलीचं काही खरं नसतं, हे त्यांनी या कॉलेजात अनेकदा पाहिलं होतं.

मामा विभागाचे शिपाई. कपाटांच्या किल्ल्या सदा कमरेला, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षांपूर्वी विभाग एकच होता आणि समाजशास्त्र म्हणजे तत्त्वज्ञानातला एक पेपर. मग तो पेपर वाढला, वेगळा निघाला, आणि पुस्तकांवरून दोन सरांचं असं बिनसलं की बोलणंच बंद. जन्मभर सत्य शोधणारी माणसं, त्यांना चार कपाटं वाटून घेता येईनात! शेवटी दोघांनी मामांनाच पुढे केलं. आठवी शिकलेल्या मामांनी नियम काढला: पुस्तकाच्या पाठीवर 'समाज' हा शब्द असेल ते तिकडचं, नसेल ते इकडचं. नीतीची, न्यायाची कितीतरी पुस्तकं त्या एका शब्दापायी व्हरांडा ओलांडून गेली. दोन्ही सरांनी आणि मामांनी कागदावर सही केली. पुढे नवी पुस्तकंही त्याच नियमाने लागत गेली. मामा महिनाभर मिशीला पीळ देत हिंडले.

आता तिकडे पाच खोल्या. इकडे ही एक आणि एकट्या मॅडम. वरून पत्र आलं: ज्या विभागाकडे स्वतःची हजार पुस्तकं नाहीत, तो बंद. मामांनी मोजली. आठशे अकरा. पुन्हा मोजली, तेवढीच.

"मॅडम, आपली दोनेकशे तिकडे आहेत. माझ्यामुळे."

"मागून तर बघा, मामा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला होता.

समाजशास्त्राचे प्रमुख एके काळी याच खोलीत पहिल्या बाकावर बसायचे. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि फाइलमधून जुना कागद काढला.

"वाटणी तुम्हीच केलीत ना, मामा? ही बघा तुमची सही."

कागदाखाली तत्त्वज्ञानाच्या खोलीचा नकाशा होता, त्यावर सुताराचे आकडे. मामा कमरेच्या किल्ल्या सावरत माघारी फिरले.

पंधरा दिवसांत दारावरची पाटी उतरली. जाताना मॅडमनी मामांना एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

सोमवारी प्रमुख खोलीत आले.

"इतकी पुस्तकं ठेवायला जागा नाही, मामा. निवड तुम्हीच करा."

"मी? कशी करू, साहेब?"

"तुमचाच नियम लावा. पाठीवर 'समाज' असेल ती ठेवा. बाकीची रद्दीत."

मामांनी पहिलं कपाट उघडलं. शोधण्यासारखं काही नव्हतंच. तसलं प्रत्येक पुस्तक त्यांनी स्वतःच्या हातांनी केव्हाच पलीकडे नेऊन ठेवलं होतं.