पेन्सिलीनं पुसलेली तलवार

आमच्या स्टुडिओला स्टुडिओ म्हणायचं ते केवळ पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. खरं म्हणजे ती भोरच्या आमच्या राहत्या घराची उत्तरेकडची पडवी. छपराची काही कौलं काढून तिथे काचा बसवल्या होत्या, आणि मागे एक रंगवलेला पडदा होता. पडद्यावर महाल, महालाला जिना आणि जिन्यावर एक मोर, जो मला कायम कोंबड्यासारखा दिसत आला. मोरासमोर गिऱ्हाइकं ताठ बसत आणि हे काळ्या कापडाखाली डोकं घालत. हे म्हणजे माझे यजमान. फोटो काढायचे ह्यांनी. काचा धुणं, कागदावर छापणं आणि पेन्सिल माझ्याकडे.

पेन्सिलीचं सांगायला हवं. तेव्हा फोटो आधी काचेवर उठायचा, आणि तोही उलटा, म्हणजे पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. त्या काचेवर टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले की छापताना तेवढी जागा उजळ येते. भोरच्या आसपासच्या कितीतरी नवऱ्यामुलींचे देवीचे व्रण मी असे बुजवले. विरळ भुवया छापलेल्या कागदावर जोडून दिल्या, सासऱ्यांच्या गालांवरच्या सुरकुत्या सपाट केल्या. माझा हात फार सफाईचा होता, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. हे फोटो काढतात, पण माणूस मी करते, असं मी ह्यांना तोंडावर म्हणत असे.

दुसरी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, एक हवालदार आमच्या पायरीशी आला. पलटणीतून नाव कमी करून नुकताच घरी परतलेला, राजगडाच्या पायथ्याच्या पालीजवळचा शेतकरी गडी. पहाटे निघून डोंगर ओलांडून चालत आलेला. खांद्यावर काळ्या घोंगडीची लांबलचक गुंडाळी. ती त्यानं पडवीत सोडली तर आत दोन तलवारी, एक लांब आणि एक हातभर. आपल्या तलवारीसारख्या त्या नव्हत्या. मुठीला रेशमी पट्टी आडवीतिडवी गुंडाळलेली, पातं एकाच अंगाला धारेचं आणि जरासंच वाकलेलं.

"मास्तर, ह्यांचा फोटू काडायचा," तो म्हणाला. "पर मानसागत न्हाई. कागदागत काडायचा. वाचता आला पायजे."

मग त्यानं हकिकत सांगितली. मलायात जपानी सैन्यानं हत्यारं खाली ठेवली तेव्हा हा पहाऱ्यावर होता. एका जपानी अधिकाऱ्यानं ह्या दोन तलवारी ह्याच्या हातात दिल्या. पुढे ह्याच्या साहेबानं त्या त्यालाच ठेवायला दिल्या आणि तसा कागदही करून दिला. पण देताना त्या जपान्यानं एक गोष्ट केली होती. लांब तलवारीच्या मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ ओढून बाजूला केली आणि आतलं गंजलेलं लोखंड दाखवलं. त्यावर अक्षरं कोरलेली होती.

"त्येनं अक्षरावर बोट ठिवलं, आन् मंग सोताच्या छातीवर ठिवलं. म्हंजी त्येच्या घरची. म्या म्हनलं, तुज्या घरी कळवतो."

"त्याला कळलं का?" मी विचारलं.

"त्येला मराटी कुठनं येनार, वयनी? पर म्या बोललो ना."

त्याच्या पलटणीतला एक सोबती तेव्हा जपानात होता, आपल्या काही पलटणी तिकडे पहाऱ्याला नेल्या होत्या. फोटो त्याच्याकडे पाठवायचा, त्यानं तो तिथल्या दुभाष्याला दाखवायचा, आणि तलवार कुणाच्या घरची ते शोधायचं, असा हवालदाराचा बेत. बोललेला शब्द इतक्या लांब जाऊन पाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला तो फार आवडला.

तलवारीचा फोटो काढणं मात्र महाकठीण निघालं. नवरदेव घामानं चमकला तर पावडर लावता येते, तलवारीला काय लावणार? पातं म्हणजे आरसा. ह्यांनी पहिली काच घेतली, तर पात्यात ह्यांची टोपी, कॅमेऱ्याचे तीन पाय आणि मागच्या दांडीवर वाळत घातलेला माझा परकर दिसला. ह्यांनी डोक्याला हात लावला. मग मी ह्यांची दोन धोतरं काढली, तलवारीच्या चारी बाजूंना आणि वर बांधली आणि एकाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं तोंड आत घातलं. भोक नव्या धोतराला पडलं म्हणून हे दोन दिवस गुरगुरत होते. पण पात्यात आता पांढऱ्याशिवाय काही दिसेना. खाली हवालदाराचीच घोंगडी अंथरली. तिच्या काळ्या लोकरीवर पातं छान उठून आलं.

गंजातली अक्षरं तरीही दिसत नव्हती. तेव्हा हवालदारानं सुचवलं की जात्याच्या दगडाला छिन्नीनं नव्यानं टाके घालताना त्या खाचांत पीठ भरलं की त्यांची खोली कळते. आमच्याकडे तांदळाला काय तोटा. मी वस्त्रगाळ पिठी अक्षरांवर चोळली आणि वरची फुंकून टाकली. काळ्या गंजावर पांढऱ्या रेघा उमटल्या. हवालदार वाकून बघत राहिला. एवढे दिवस जवळ बाळगलेलं ते लिखाण त्यानंही आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

काचा धुऊन झाल्या आणि मी पेन्सिल घेऊन बसले. इथे माझं चुकलं. पात्यावर धारेच्या कडेनं एक धुरकट पट्टा होता, भाताच्या खाचराच्या बांधासारखा वेडावाकडा. मला वाटलं डाग. इतकी देखणी वस्तू आणि तिच्यावर ओल लागल्यासारखा डाग? मी तासन्‌तास बसून ठिपके देत तो पट्टा एकसारखा करून टाकला. मग अक्षरांकडे वळले. काही रेघा मधेच तुटलेल्या होत्या, काहींची टोकं नुसतीच लोंबत होती. पीठ नीट बसलं नसेल, असं मीच ठरवलं. भुवया जोडते तशा मी त्या रेघा जोडून टाकल्या. एक ओळखीचं अक्षर नाही त्यातलं, तरी हात थांबला नाही. ह्यांनी छापलेला फोटो पाहिला आणि म्हणाले, "आता कशी नवी दिसते." मी फुशारले.

फोटो गेला. पावसाळा सरला, भातं पोटऱ्यात आली, दसरा होऊन गेला. त्यानंतर एका बाजारादिवशी हवालदार पुन्हा पायरीशी उभा राहिला. खांद्यावर तीच घोंगडी. पण चेहरा पार उतरलेला.

सोबत्याचं पत्र त्यानं ह्यांच्या हातात दिलं. दुभाष्यानं फोटो पाहून सांगितलं होतं, की ही अक्षरं म्हणजे कुणाचं नाव नाही, गावही नाही, ह्यातली काही तर अक्षरंच नाहीत. आणि खऱ्या जुन्या तलवारीच्या धारेला पाणी देताना जी लाट उठते ती हिला नाही. तेव्हा ही कारखान्यात केलेली नकली तलवार असावी, फार मनावर घेऊ नये.

"आईनं खंडेनवमीला पुजंत ठिवू दिल्या न्हाईत," हवालदार म्हणाला. "म्हनली, खोट्याची पूजा न्हाई करायची. वाडीत समदी हसत्यात. जपान्यानं येड्यात काडला म्हंत्यात. आता उत्रोलीला लोहाराकडं चाललोय. इळं तरी हुतील दोन-चार. कापनीला उपेगी येत्याल."

त्याला हसण्याचं दुःख नव्हतं, हे मला दिसत होतं. तो माणूस आपल्याशी खोटं बोलला, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी दारात उभी होते. 'लाट' हा शब्द ऐकला आणि मला तो धुरकट पट्टा आठवला. डाग नव्हता तो. त्या डागावर तर तलवारीचा सगळा खरेपणा होता. आणि ज्या अक्षरांना दुभाष्या अक्षरं म्हणत नव्हता, ती माझी होती.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनाही कळलं होतं. ह्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. गिऱ्हाइकाला पेन्सिलीची गोष्ट कधी सांगायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. ती बाहेर पडली तर गावातली प्रत्येक सून आपला फोटो घेऊन शंका काढत येणार. मी गप्प बसले, आणि मला त्याची अजून लाज वाटते. हवालदारानं पाणी पिऊन तांब्या उपडा ठेवला, गुंडाळी खांद्यावर घेतली आणि पायऱ्या उतरला.

"हवालदार, थांबा," मी म्हणाले. "तलवार खोटी नाही. फोटो खोटा आहे. मी खोटा केला."

हे झटकन आत निघून गेले. मी ती काच आणली, उजेडात धरली आणि माझे ठिपके त्याला एकेक करून दाखवले. इथे लाट होती, ती मी भरली. ही रेघ सुटी होती, ती मी जोडली. तो चार शिव्या देईल, निदान तावातावानं बोलेल, अशी माझी तयारी होती. तो पायरीवर बसला आणि त्यानं काच स्वतःच्या हातात घेऊन उजेडात धरली.

"म्हंजी त्यो मानूस खोटं बोलला न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या. तुमी पुन्यांदा काडा."

त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून मला रडू फुटलं. मी तिथल्या तिथे, पदरात तोंड न लपवता रडले.

त्या दिवशी कॅमेरा मीच लावला, कारण हे आत रुसून बसले होते. धोतरं बांधली, घोंगडी पसरली, पिठी चोळली. पण लाट दिसेना. पात्यावर समोरून उजेड पडला की ती विरून जाई. मी तलवार उचलून पडवीच्या उघड्या कडेला नेली, कौलाच्या ठिकऱ्या लावून एक बाजू बोटभर वर केली, मग आणखी बोटभर. हवालदार धोतर धरून उभा. मधेच मागून आवाज आला, "कड खाली कर, उजेड तिरपा येऊ दे." ह्यांना राहवलं नव्हतं. ह्यांनी दोन बोटांनी पातं जरासं फिरवलं आणि लाट उठली. मुठीपासून टोकापर्यंत, कुठे उंच, कुठे बसकी, मधेच फुटून पुन्हा जुळलेली. मी तिला डाग म्हटलं होतं. हे कापडाखाली गेले आणि मी काच त्यांच्या हातात दिली.

त्या काचेला मी पेन्सिल लावली नाही. एका बाजूला पिठाचे कण सांडलेले होते, तेसुद्धा राहू दिले. फोटो उन्हात छापून त्याच्याबरोबर मी एक चिठ्ठी जोडली, की पहिला फोटो बिघडवणारी बाई मी, दोष तलवारीचा नाही. तशीच चिठ्ठी हवालदाराच्या आईसाठीही दिली, तो ती वाडीत मोठ्यानं वाचून घेणार होता. हे म्हणाले, आता धंदा बसला. बसला नाही. उलट काही बायका येऊन म्हणाल्या, आमचा तीळ ठेवा हो, माहेरी ओळखत नाहीत.

उत्तर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. जाड पाकीट घेऊन हवालदार आला तेव्हा त्यानं ते फोडलंही नव्हतं. ते आमच्याकडेच फोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. सोबत्यानं लिहिलं होतं, की एका बाजूला तलवार घडवणाऱ्याचं नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला ती ज्यांच्यासाठी घडवली त्या घराचं आणि गावाचं. गाव सापडलं. तो अधिकारी जिवंत आहे, घरी परतून भातशेती करतो. फोटो त्याच्या हाती दिला. सध्या त्या देशात घरात तलवार ठेवायला बंदी आहे, म्हणून तलवारी पाठवू नका, तुमच्याकडे राहू द्या, असं त्याचं म्हणणं. सोबत त्याचं स्वतःचं पत्र होतं, आणि दुभाष्याकडून समजून घेऊन सोबत्यानं त्याखाली मराठीत मजकूर लिहिला होता.

पत्र चार ओळींचं होतं. मी वाचून दाखवलं. त्यात तलवारींबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, "त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी म्हणालात. मला भाषा कळली नाही. मी बोटीवर असताना पुष्कळदा विचार केला, हा माणूस पण घरापासून लांब आहे. तुम्ही घरी पोचलात का?"

हवालदारानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वयनी, कागुद घ्या," तो म्हणाला. "लिवा. पोचलो म्हनावं."