बटणावरचे सिंह

यशोदाबाई बोराड्यांना कळायला लागल्यापासून एवढंच ठाऊक होतं, की आपले वडील लढाईत गेले. ही बातमी घरी आणली होती त्यांच्या चुलत्याने, भिमाजीने. घोटीजवळच्या त्यांच्या गावातून भिमाजीचा भाऊ गेणू त्या वेळी एकटाच पलटणीत भरती झाला होता. चव्वेचाळीस साली भिमाजी चौकशीला म्हणून नाशिकला गेला, परत आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "गेणू ब्रह्मदेशात पडला." कागद नाही, सामान नाही. त्याच दिवशी गेणूच्या बायकोच्या, कुसाबाईच्या बांगड्या फुटल्या. ती विशीचीही नव्हती आणि यशोदा रांगत होती.

भिमाजीने भावजयीला टाकलं मात्र नाही. ती त्याच्या भाताच्या खाचरांत राबली, त्याच्याच घरात म्हातारी झाली. यशोदाचं लग्नही त्यानेच लावून दिलं. लग्नानंतर त्या नाशिक रोडला आल्या आणि एका दवाखान्यात आया म्हणून लागल्या. हजारो बाळंतिणींचं त्यांनी केलं. पोर झाल्याची बातमी ऐकून धावत येणारे बाप त्यांनी रोज पाहिले. त्यांना कुणी वडिलांचं विचारलं, की त्या ताठ मानेने सांगत, "लढाईत गेले."

कारगिलच्या वर्षी गावाने ठरवलं, की शाळेपुढे सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचा. गेणूचं नाव पहिलं. भिमाजी त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. त्याचा मुलगा कारभारी घर आवरत होता, तेव्हा त्याला बापाच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या घडीत एक फोटो सापडला. गणवेशातला माणूस, दंडावर पट्ट्या, हातात छोटी छडी. कारभारी तो घेऊन तडक नाशिक रोडला आला.

"अक्का, काका सापडले!"

यशोदाबाईंनी वडिलांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. नाक आपलंच आहे, हे त्यांना आरशाशिवाय कळलं.

दगडावर पलटणीचं नाव घालायचं होतं. ओळखीतल्या कुणीतरी देवळालीचे सुभेदार पाळदे सुचवले. निवृत्त, तोफखान्यातले. रविवारी यशोदाबाई फोटो रुमालात गुंडाळून त्यांच्याकडे गेल्या.

पाळद्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं. "दोन पट्ट्या. नाईक होते. टोपीवर तोफ दिसते का? तोफखाना, ताई. आमचेच निघाले की!" त्यांना मनापासून आनंद झाला. मग भिंग खाली सरकलं आणि छातीपाशी थांबलं.

"कधी वारले म्हणालात?"

"चव्वेचाळीसला. ब्रह्मदेशात."

पाळद्यांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. "बटण बघा."

यशोदाबाईंनी पाहिलं. काळपट गोल, त्यात काहीतरी उठावाचं. मग ते नीट दिसलं. सिंह होते. नोटेवर असतात तसे.

"इंग्रजाच्या वेळेस मुगुट असायचा," पाळदे हळू आवाजात म्हणाले. "सिंह आले ते पन्नास सालानंतर. हा फोटो त्याच्यानंतरचा आहे." पुढचं बोलावं की नाही, असं त्यांचं झालं होतं. "आणि हा मागचा पडदा, ही कमान, हे तळं... देवळाली कॅम्पात एक स्टुडिओ होता. आम्ही सगळ्यांनी याच पडद्यापुढे फोटो काढलेत."

देवळाली. घोटीहून त्याच रुळावर. खाचरात चिखलणी करताना ज्या गाडीची शिट्टी कुसाबाई ऐकत होती, त्या गाडीने गेलं तर ताससुद्धा लागत नव्हता.

"मग आमचे भिमाजीकाका..." यशोदाबाईंनी भिंग परत फोटोवर धरलं. पाळद्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाळद्यांनी जुन्या सोबत्यांकडे विचारून पाहिलं. महिन्याभराने म्हणाले, "नंबर नाही, गाव कोणतं लिहिलं होतं तेही माहीत नाही. नुसत्या नावावर कुठं शोधणार, ताई?" कारभारी तर हबकूनच गेला. "बापानं कधी काकांचं नावच काढलं नाय. मला काय ठावं?" गेणू घरी का आला नाही? भिमाजी त्याला भेटला होता का? भेटला होता, तर कुणी कुणाला गप्प बसवलं? सांगणारं माणूस उरलं नव्हतं.

"दगडावरचं नाव काढा," यशोदाबाई म्हणाल्या.

"कोरून झालंय, अक्का. आणि काकूला काय सांगायचं?"

गावी परत आलेला फोटो कुसाबाईने देवापाशी ठेवला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी रोज हाताने चाचपून ती त्यावर फूल ठेवत होती.

सव्वीस जानेवारीला दगडावरचं कापड निघालं. 'नाईक गेणू, तोफखाना, ब्रह्मदेश, १९४४.' पोरांनी जयजयकार केला. कुसाबाईला वीरपत्नी म्हणून लुगडं-नारळ दिला, तो तिने कपाळाला लावला. यशोदाबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या आणि टाळ्या थांबायची वाट बघत होत्या.

त्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आईला नाशिक रोडला आणलं. पट्टी निघाल्यावर कुसाबाईने सगळ्यात आधी फोटो मागितला. खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"यशोदे, लय थोराड दिसतो गं ह्यो. गेला तवा मिसरूडबी धड नव्हतं."

"फोटोत तसं दिसतं, आई."

"व्हय. दिसत असंल."

तिने फोटो पालथा घालून उशाशी ठेवला. पुढे चार वर्षं जगली, पण त्यावर फूल ठेवलं नाही आणि काही विचारलंही नाही. यशोदाबाईंना अनेकदा वाटलं, आज सांगावं. प्रत्येक वेळी त्या तांदूळ निवडायला घेत.

आई गेल्यावर त्या एकदा देवळाली कॅम्पात गेल्या. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. दुकानदाराला जुन्या मालकाचं काहीच माहीत नव्हतं. बाहेर बाकावर तीन-चार म्हातारे ऊन खात बसले होते. यशोदाबाई एकेकाच्या नाकाकडे बघत राहिल्या. त्यातल्या एकाने विचारलं, "कुणाला शोधताय, बाई?"

"कुणाला नाही," त्या म्हणाल्या आणि बसस्टँडकडे वळल्या.