शेवटची फाईल सगळ्यात लहान होती म्हणून

मंडळी, आज फार चुकल्यासारखं वाटतंय.

आई-बाबांचं लग्न ऐंशीच्या दशकात इतवारीत झालं. त्याची कॅसेट मी घरीच डीव्हीडीवर उतरवली. आज कम्प्युटरवर लावली तर लग्नाचे तुकडे होऊन ओळीने पाच-सहा फाईली; चित्र दिसतंय, आवाज नाही.

मग सेटिंग बदल, प्लेअर बदल आणि दरवेळी शेवटची फाईल लावून बघ. ती सगळ्यात लहान, पटकन उघडायची. तिच्यात आईची बिदाई होती, आजोबांच्या गळ्यात पडून रडतानाची. माझं सगळं लक्ष आवाजाकडे.

शेवटी एकदाचं रडणं ऐकू आलं. "जमलं!" म्हणत मी वळलो.

मागे खुर्चीत आई डोळे पुसत होती.

"सकाळपासून कितीदा सासरी पाठवून राहिला गा मले? एकदा मांडवात त बसू दे."

आता पहिली फाईल लावलीय. मागे वळून बघायची हिंमत होत नाहीये. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय बोलला असतात?