टॅग लावणारे गृहस्थ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या परळच्या चाळीत तळमजल्यावर एक गृहस्थ बसतात. संपात नोकरी गेलेल्या गिरणी कामगारांचे घरासाठीचे अर्ज ते फुकट भरून देतात. पूर्वी गिरणीत कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचे. आता प्रत्येकाची माहिती फोनमध्ये लिहितात आणि तिला टॅग लावतात. टॅग दाबला की तसली सगळी माणसं एकदम वर येतात. फोनवरची यादी सरकवताना मात्र बोट जिभेला लावतात.

"अहो, कागद आहे का तो?" बायका हसतात.

"हसा, हसा. तुम्हाला 'भांडखोर' टॅग लावलाय."

माझे मालक संप फसल्यावर काम शोधायला सुरतेला गेले, ते परतलेच नाहीत. माझ्या माहितीला अजून टॅग नव्हता. "वहिनी, 'मयत' लावल्याशिवाय वारसाचा अर्ज पुढे जात नाही," असं ते एकदा हळूच म्हणाले. मग माझ्या कुंकवाकडे बघून पुढच्या माणसाकडे वळले. त्यानंतर दर खेपेला एवढंच विचारायचे, "आज राहू दे ना?" मी हो म्हणायचे.

परवा अर्जाची शेवटची तारीख होती. वाट बघायचाही कंटाळा येतो माणसाला.

"राहू दे ना, वहिनी?"

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी फोन पालथा ठेवला. म्हणाले, "आधी चहा घ्या. ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं."