कोयत्याच्या पात्याची पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही, कारण गोष्ट तिच्या भावाची आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या पंगतीला जेवायला बसणार नाही.

चौसाळ्याला हायवेलगत माझं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. लांबलांबून लोक जुन्या ॲम्बॅसिडर, फियाट घेऊन येतात — का? तर मी दाराचं आतलं पॅनल न फाडता काढतो म्हणून. लई कौतुक करतात. लाज वाटत नाही का, म्हणाल. वाटते की. पण ऐकून घेतो.

पूर्वी मी स्क्रूड्रायव्हर घालायचो. जुन्या पॅनलमध्ये पुठ्ठा असतो, वर्षानुवर्षं ओल पिऊन पापडासारखा झालेला. कडेला जोर केला की पॅनल धरून ठेवणारी क्लिप दारातच राहते आणि पुठ्ठ्याचा लचका हातात येतो. गिऱ्हाइकांच्या किती शिव्या खाल्ल्या, विचारू नका. बाजारातली प्लास्टिकची पट्टीही आणून बघितली. ती जाड — फटीत शिरायचीच नाही.

माझा मेहुणा भगवान शिरूर कासारचा, दर साली बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा. एका उन्हाळ्यात तो दुकानात येऊन बसायचा. "दाजी, कडंला कावून जोर लावताव? ऊस कुणी शेंड्याला तोडतं व्हय? बुडाशी जावा की." एवढंच बोलला. मग त्यानं कोयत्याचं झिजलेलं पातं घेतलं, घासून पातळ केलं, धार पार मारून टाकली, टोकाला खाच पाडली. दाराला टेकतं तिथं रेक्झिन चिकटवलं, रंगाला ओरखडा नको म्हणून. खाच क्लिपच्या बुडाशी सरकवायची, मनगट जरासं वळवायचं — क्लिप निघते, पुठ्ठा जसाच्या तसा. माझं दुकान त्या पट्टीनं उभं राहिलं. माझी पोरगी लातूरला शिकली ती त्या पट्टीवर. त्याचे उपकार कुठल्या तोंडानं नाकारू? — पण नाकारलेच ना.

त्या साली त्याला तोडीला जायचं नव्हतं. त्याची पोरगी शाळेत हुशार निघाली होती. संगं नेली की शाळा सुटणार, आणि मागं ठेवावी तर घरात कुणी नाही. "कुठं बारमाही काम बघा की, दाजी," म्हणायचा. दसऱ्याच्या आधी संभाजीनगरहून एक जण आला. जुन्या गाड्या नव्यासारख्या करायचं त्याचं मोठं वर्कशॉप. पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, ही कुणी बनवली? असा माणूस मला पाहिजे — राहायला खोली देतो, बायकापोरांसकट येऊ दे.

भगवान समोरच्या टपरीवर चहा आणायला गेला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"मीच बनवली," मी म्हणालो.

का? भीती वाटली — भगवान गेला तर मला पट्टी कोण करून देणार? आणि खरं सांगू? त्या माणसाच्या डोळ्यांतलं कौतुक मला हवं होतं. तो हसला, तुम्ही कशाला दुकान सोडताय म्हणाला, आणि गेला. भगवान चहा घेऊन आला. आम्ही दोघं प्यालो.

दसरा झाला, तो टोळीबरोबर गेला. पोरगीही गेली. शाळा तिथंच तुटली. परत आल्यावर त्यानं मला नवी पट्टी करून दिली — अजूनही देतो, जुनी झिजली की न सांगता. मी आजारी पडलो तेव्हा दुकान त्यानंच सांभाळलं. असा माणूस माझ्या वाट्याला आला. रोज सकाळी शटर उघडताना मी त्याचं मनापासून भलं चिंततो — खरंच चिंततो. तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

यंदा त्याची पोरगी नवऱ्याबरोबर तोडीला गेली. जायच्या आधी आमच्याकडं आली. "येते, मामा," म्हणून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.